इंग्रजी दुखणं

“कोकराला डालग्याखाली ठिवत्यात, वैनी, पर किती दिस?”

एस्टीच्या खिडकीखाली उभं राहून आत्यानं आईला हे हळूच विचारलं. हळूच म्हणजे आत्याच्या मानानं. तिचा आवाज मेंढरांमागं फिरून तयार झालेला, त्यामुळे दौंडच्या स्टँडवर निम्म्या गाडीला तो ऐकू गेला. मी खिडकीची काच लावून आत बसले होते. काच उघडायची नाही असं आप्पांनी बजावलं होतं. डोक्याला स्कार्फ, अंगावर लोकरीची शाल, आणि दिवस मे महिन्याचे.

आईनं नेहमीचंच उत्तर दिलं. “डॉक्टरनं सांगितलंय तसं करतो आम्ही, वन्सं.”

आप्पा तिकडे कंडक्टरला गाठून उभे होते. पोरगी आजारी असते, वाऱ्याला बसवू नका, न्हावऱ्याला गाडी थांबली की पाणी घ्यायला उतरू देऊ नका, असं सगळं सांगून झालं. कंडक्टरनं काचेतून माझ्याकडे पाहिलं आणि काय झालंय म्हणून विचारलं. आप्पा ताठ उभे राहिले आणि म्हणाले, “ससेप्टिबल.”

इंग्रजी शब्द म्हटल्यावर कंडक्टरनं पुढं काही विचारलं नाही. माझ्या शेजारी कोंबड्यांची पाटी घेऊन बसलेल्या माणसाला त्यानं मागच्या बाकावर घालवलं. गाडी सुटली. आई पदर डोळ्याला लावून उभी होती, आत्या हात हलवत होती, आणि आप्पा दोन्ही हातांनी काच लावल्याची खूण करत गाडीबरोबर थोडं चालले. मग ते थांबले.

दौंड सोडलं ते असं. गेले तर कुठं, शिरूरला. नकाशावर बोटाच्या एका पेरात मावेल एवढं अंतर. आमच्या रेल्वे कॉलनीतली कितीतरी अँग्लो-इंडियन घरं ऑस्ट्रेलियाला गेली, त्यांच्या रिकाम्या क्वार्टरांत नवी माणसं आली. माझ्या वर्गातली एक जण लंडनच्या हॉस्पिटलात नर्स आहे. तिच्यापुढं माझं स्थलांतर सांगायला लाज वाटावी इतकं जवळचं. सकाळी निघालं की दुपारच्या जेवणाला पोचतं माणूस. तरी मी घर सोडलं असंच म्हणते, कारण भीमा ओलांडली आणि गाडीत मला ओळखणारं कुणी उरलं नाही, तेव्हा मी काच उघडली.

आता ह्या शब्दाचं सांगायला हवं.

मी सात-आठ वर्षांची असताना मला ताप आला आणि तो उतरेना. आप्पा दौंडच्या यार्डात सांधेवाले. गाडी ज्या रुळावर घ्यायची तिकडे सांधा ओढून लावायचा, हे त्यांचं काम. त्यांनी मला खांद्यावर टाकलं आणि रेल्वेच्या दवाखान्यात नेलं. तिथं नुकतेच कुठून तरी आलेले डॉक्टर होते. त्यांना मराठी येत नव्हतं, आप्पांना इंग्रजी येत नव्हतं, आणि हिंदी दोघांनाही जेवढ्यास तेवढं. डॉक्टरांनी छाती ठोकून पाहिली, जीभ पाहिली, औषध लिहून दिलं आणि माझ्याकडे बोट करून म्हणाले, “शी इज ससेप्टिबल. टेक केअर.” पुढं काही दिवसांनी त्यांची बदली झाली. ते कुठले होते, कुठं गेले, आम्हाला ठाऊक नाही.

यार्डात स्टेशन मास्तरांनी दिलेला निरोप सांधेवाल्यानं तोंडानं जसाच्या तसा परत म्हणून दाखवायचा असतो. एवढ्या तेवढ्या चुकीनं गाडीवर गाडी जायची. आप्पांच्या हाडात ती सवय मुरलेली. दवाखान्यापासून घरापर्यंत मला खांद्यावर घेऊन ते तो शब्द म्हणत आले, आणि दारातच आईला म्हणून दाखवला. आमच्या घरी इंग्रजी शब्दांची एरवी मोडतोड व्हायची. टेसन, इंजान, लायशन. त्यातून हा एकटा धड राहिला, एक अक्षर सांडलं नाही. अर्थ तेवढा दवाखान्यात राहून गेला.

माझ्या आधीचा माझा भाऊ गावी असताना तापातच गेला होता. आमचं गाव शिरूर तालुक्यात. आजोबांची मेंढरं होती, आप्पांच्या पिढीला ती सुटली आणि रेल्वे धरली. भाऊ गेला तेव्हा त्याला काय झालं होतं हे कुणीच धड सांगितलं नाही. कुणी बाहेरचं म्हणालं, कुणी दात येताना होतं म्हणालं. आई अजूनही कधीतरी भाकऱ्या थापता थापता म्हणते, “काय झालं त्ये तरी कळलं असतं तर,” आणि तिथंच थांबते. अशा घराला माझ्या वेळी नाव मिळालं. नाव मिळालं की दुखण्याला धरता येतं, त्याच्या वेळा पाळता येतात, त्याच्यावर लक्ष ठेवता येतं. माझा ताप आठवडाभरात गेला. शब्द राहिला.

दही बंद झालं. केळं, पेरू, चिंच बंद. न्हाणं फक्त दुपारच्या उन्हात. माझी कॉट खिडकीपासून हलवून चुलीच्या भिंतीला लावली, आणि आई-आप्पा स्वतः खिडकीखाली झोपू लागले. नदीवर जायचं नाही, झिम्म्याला जायचं नाही, शाळेत कवायतीला उभं राहायचं नाही. कॉलनीतल्या बायका आईला विचारायच्या, “आता कसं आहे ससेप्टिबल?” आणि आई सांगायची की थंडीत वाढतं. घरात तो शब्द दम्यासारखा, खरजेसारखा वापरला जायचा. हिला लहानपणापासून ससेप्टिबल आहे. गावाकडे तो कुणाच्या जिभेवर बसला नाही. आत्यानं त्याचं सरळ नाव ठेवलं, इंग्रजी दुखणं.

मला इंग्रजी शाळेत घातलं तेही त्यामुळंच. आप्पांना शिक्षणाची हौस होती हे खरं, पण त्यांचा खरा हिशेब असा की दुखणं इंग्रजी आहे तर ते ओळखणारी माणसं दिवसभर पोरीजवळ असलेली बरी. नाव घालायला गेलो तेव्हा त्यांनी हेडमिस्ट्रेसबाईंना सगळ्यांच्या आधी हेच सांगितलं. बाई चष्म्यावरून त्यांच्याकडे पाहून हसल्या आणि म्हणाल्या, “ऑल चिल्ड्रेन आर.” त्याचा अर्थ तिथल्या शिपायाकडून समजून घेऊन आप्पा फार गंभीर होऊन घरी आले. आईला म्हणाले, “तिथं समद्याच पोरांना हाय. आपली एकटी न्हाई.” आईला त्या दिवशी बरं वाटलं असावं. संध्याकाळी तिनं गोड केलं.

शाळेत मी कमी बोलणारी मुलगी होते. मागच्या बाकावर, स्कार्फ बांधून. कमी बोलणाऱ्या मुलींना पुष्कळ दिसतं. बाकीच्या मुली मैदानावर असायच्या तेव्हा मला वाचनालयात बसवायचे, आणि नववीत असताना तिथल्या जाड डिक्शनरीत मी तो शब्द काढला. आधी कधी काढला नव्हता. आपल्याला काय झालंय हे आपल्याला माहीतच असतं असं वाटतं.

तिथं लिहिलं होतं ते सोप्या मराठीत असं: ज्याच्यावर एखाद्या गोष्टीचा चटकन परिणाम होतो असा. चटकन लागण होणारा, चटकन भुलणारा, चटकन मनाला लावून घेणारा. खाली उदाहरणं होती. सर्दीला ससेप्टिबल, स्तुतीला ससेप्टिबल. एका वाक्यात कुणीतरी तरुण सुंदर चेहऱ्यांना ससेप्टिबल होता. मी ते पान पुन्हा पुन्हा वाचलं. त्यात दुखणं कुठंच नव्हतं. ती नुसती अंगाची, नाहीतर मनाची ठेवण होती. बाहेरचं काही आत यायला दार किती सैल आहे एवढंच तो शब्द सांगत होता. काही आलंच पाहिजे असं तो म्हणत नव्हता. तापलेल्या मुलीला डॉक्टर एवढंच म्हणाले होते की हिला लवकर लागतंय, जपा. कुठलाही डॉक्टर कुठल्याही मुलीला म्हणेल.

मी डिक्शनरी मिटून जागेवर ठेवली. घरी गेले. आईनं दारातच कपाळाला हात लावून पाहिला, तसा ती रोजच पाहायची. मी काही बोलले नाही.

काय बोलणार होते? आई, तू इतकी वर्षं दही लावलं नाहीस, त्याला काही कारण नव्हतं? आप्पा ड्यूटीवरून येताना वाट वाकडी करून दवाखान्यात जायचे आणि माझं टॉनिक आणायचे, त्याला काही कारण नव्हतं? त्या दोघांनी एक मूल गमावलं होतं आणि दुसरं ह्या शब्दाच्या आधारानं वाढवलं होतं. तो काढून घ्यायचा म्हणजे त्यांच्या हातातलं काम काढून घ्यायचं. आणि मलाही त्याची सोय होती, हे लिहायला हरकत नाही. गॅदरिंगला भाषण करायचं नाही, पाहुण्यांसमोर गाणं म्हणायचं नाही, कुणी फार प्रश्न विचारायचे नाहीत. भित्र्या मुलीला याहून चांगली भिंत कुठून मिळणार? तरी जपून घेण्याचाही एक शीण असतो. कुणीतरी सतत आपल्या श्वासाकडे कान लावून बसलंय हे माहीत असताना झोपायचं, म्हणजे झोपही नीट श्वास घेत घ्यायची.

मॅट्रिक झाल्यावर खुटबावचं एक स्थळ आलं. मुलगा शिक्षक, माणसं बरी, शेती बागायती. पोहे झाले, प्रश्न झाले, मी खाली बघून उत्तरं दिली. मुलाच्या वडिलांना पसंत पडल्यासारखं दिसत होतं. तेवढ्यात आप्पांनी घसा साफ केला. पोरीतली खोट लपवून ती दुसऱ्याच्या घरी द्यायची, हे त्यांना झेपणारं नव्हतं. ते म्हणाले, “मागनं बोल नको. पोरीला ससेप्टिबल हाय.”

मुलानं मास्तर असूनही मान वर केली नाही. त्याला अर्थ येत नव्हता की वडिलांसमोर बोलायचं नव्हतं, देव जाणे. वडिलांनी विचारलं, हे लागट हाय का? आप्पा प्रामाणिकपणे म्हणाले, डॉक्टरनं तसं काही सांगितलं नाही. पाहुणे कळवतो म्हणून गेले. रात्री आई आप्पांवर चिडली नाही, तीच मला जास्त टोचलेली गोष्ट. ती म्हणाली, बरं झालं आधीच सांगितलं. मी भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. मी बोलले असते तर दोन वाक्यांत मिटलं असतं.

शिरूरच्या टेलिफोन एक्सचेंजमध्ये ऑपरेटरची जागा निघाली तेव्हा आप्पांनीच मला अर्ज करायला लावला. ते स्वतः जाऊन ती खोली बघून आले होते. बसून काम, सावलीतलं काम, खिडकी एकच आणि तीही उत्तरेला. शिवाय आत्या राहते ते आमचं गाव तिथून जवळ. माझं इंग्रजी कामाला आलं आणि नेमणूक झाली.

तिथं शेखबाई होत्या. सगळ्यात जुन्या ऑपरेटर, जाड, हसऱ्या, पानाच्या डब्यावाचून बोर्डवर न बसणाऱ्या. त्यांच्याच घरी माडीवर मला खोली मिळाली. खाली त्यांचा संसार, मधे एक अरुंद लाकडी जिना, वर मी. पहिल्या दिवशी त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाल्या, “क्या गं बाळा, शिरूरला बर्फ पडतंय असं कुणी सांगितलं तुला?” मी हसले आणि शाल काढली. स्कार्फ राहू दिला. तो काढायला आणखी दोन-तीन दिवस गेले.

पहिल्या महिन्यात शेखबाईंनी जेवायला बोलावलं आणि ताटात दही वाढलं. मला नको म्हणता आलं नाही, कारण मला कशालाच नको म्हणता येत नाही. मी ते खाल्लं. आंबट होतं, थंड होतं, मला फारसं आवडलंही नाही. वर येऊन मी कॉटवर बसून ताप येतो का याची वाट पाहिली. सकाळी उठले, अंग धुतलं, कामावर गेले. त्या दिवशी मला आनंद व्हायला हवा होता. फक्त फार थकल्यासारखं वाटलं, मोठं ओझं उतरवल्यावर वाटतं तसं.

एक्सचेंजचं काम माझ्यासारखीला बरं. समोर बोर्ड, त्यावर भोकांच्या रांगा, हातात कॉर्ड, कानाला हेडसेट. दिवा लागला की कॉर्ड खुपसायची आणि म्हणायचं, “नंबर प्लीज.” कुणाचं तोंड दिसत नाही, आपलं कुणाला दिसत नाही. पुण्याचा ट्रंक कॉल लागायला वेळ लागला की कांद्याचे व्यापारी मला शिव्या द्यायचे, आणि लागला की बेटा म्हणायचे. वर्षभरात गावाला माझा आवाज ओळखू यायला लागला. बाजारात भाजी घेताना मी नुसतं भाव विचारला तरी बाई म्हणायच्या, “अगं बया, ही तर नंबर पिलीज!” आवाजानं ओळखलं जाणं मला नवीन होतं. दौंडला मला स्कार्फवरून ओळखायचे.

तिथंच एकदा तो शब्द पुन्हा कानावर आला. लाइन चालू आहे का हे बघायला आम्हाला मधे ऐकावं लागतं. कुणी शेतकी खात्यातले साहेब पुण्याला बोलत होते की ह्या भागातली हायब्रीड बाजरी गोसावीला ससेप्टिबल निघाली. गोसावी म्हणजे बाजरीचा रोग. कणसाचा नुसता हिरवा झुपका होतो, दाणा भरत नाही. मी तेव्हाच आत्याकडे जाऊन आले होते, तिच्या वावरातले असले झुपके मी डोळ्यांनी पाहिले होते. आत्या म्हणाली होती, “बी चांगलं हाय म्हून सांगत्यात. पर त्याला काय बी लागतंय.” इंग्रजी न येता तिनं त्या शब्दाचं भाषांतर केलं होतं. त्याला काय बी लागतंय. बियाण्यात रोग नव्हता. रोग हवेत होता, जमिनीत होता, आणि बियाणं त्याला नाही म्हणू शकत नव्हतं. हेडसेट कानाला लावून मी विचार करत राहिले की डॉक्टर थोडं बरोबरही होते. छातीच्या बाबतीत नसतील. पण मला काय बी लागतंय. दुसऱ्याची भीती लागते, दुसऱ्याचा शब्द लागतो, आणि मी त्याला नाही म्हणत नाही.

सुट्टीत घरी जायचे. शिरूरहून निघताना केस मोकळे, चौफुला गेला की पिशवीतून स्कार्फ काढायचा, पाटसच्या पुढं शाल. स्टँडवर आप्पा उभे असायचे. मला उतरवून घेताना आधी कपाळाला हात. मग ते माझी पिशवी घ्यायचे. पुढं पुढं असं व्हायला लागलं की वाटेत रेल्वे पुलाच्या पायऱ्यांशी ते थांबायचे आणि मला विचारायचे, “दमलीस का? बसू जरा.” मी दमलेली नसायचे. पण नाही म्हटलं नाही. आम्ही बसायचो. ते धोतराच्या सोग्यानं तोंड पुसायचे, यार्डातल्या गाड्या बघायचे, आणि बऱ्याच वेळानं म्हणायचे, चल, आता बरं वाटतंय का तुला? आई म्हणायची, आप्पा दमतात हल्ली, वय झालं. असं म्हणता म्हणता ती माझ्या दुधात हळद घालत असायची.

आता मी शिरूरलाच आहे. अजून त्याच माडीवर. आप्पांनी मुदतीआधी नोकरी सोडली. आई आणि ते गावी आत्याच्या शेजारी घर बांधून राहतात. आप्पांची औषधं चालू आहेत. दर आठवड्याला गावचं कुणी बाजाराला आलं की त्यांचा निरोप येतो, आणि निरोपात अजून असतं की रात्री खिडकी लावून घे. दौंडचं क्वार्टर दुसऱ्या कुणाला मिळालं. मधे कामानिमित्त गेले होते तेव्हा लांबून पाहिलं, चुलीच्या भिंतीच्या जागी खिडकी पाडली आहे. वाईट वाटलं नाही. कुणी विचारलं तुझं घर कुठलं, तर मला पटकन गाव सांगता येत नाही. जिथं माझ्यासाठी कुणीतरी स्वतः वाऱ्याला झोपलं ती जागा घर, असं मी मनात धरून आहे, आणि ती जागा आता दौंडला नाही, शिरूरला नाही, कुठंच नाही. हे वाचणाऱ्यांपैकी जे लांब गेले त्यांना वाटत असेल अंतरामुळं असं होतं. मला तर एस्टीनं दुपारच्या जेवणाला पोचता येत होतं, तरी झालं.

पण नोकरी सोडण्याआधी आप्पा एकदा इथं आले होते, ते सांगायचं राहिलं.

त्या थंडीत शिरूरला तापाची साथ होती. शेखबाईंच्या घरात दोघंजण आजारी, एक्सचेंजमध्ये निम्म्या खुर्च्या रिकाम्या, आणि मी दुसऱ्यांच्या पाळ्याही करत होते. दौंडला ही बातमी कशी पोचली कोण जाणे. दुपारी मी पाळी संपवून वर येऊन भात लावला होता, तेवढ्यात खाली आप्पांचा आवाज आला. शेखबाईंना ते सांगत होते की पोरीला न्यायला आलोय. नोकरीचं साहेबांशी मी बोलतो. तिची तब्येत अशी, ह्या साथीत तिला एक दिवस ठेवायची नाही, आणि आता परत पाठवायचीही नाही. शेखबाई म्हणाल्या, “अवो आप्पा, ती धडधाकट हाय, आम्हालाच औषध आणून देती.” आप्पा म्हणाले, “तुम्हाला म्हाईत न्हाई, बाई. तिला ससेप्टिबल हाय.”

मी दारात आले. जिन्याच्या वरच्या टोकाला अंधार असतो, खालून वर काही दिसत नाही. आप्पा चढायला लागले. चार पायऱ्या झाल्या आणि ते थांबले. भिंतीला हात लावला. मग दोन पायऱ्या. मग पुन्हा थांबले, खाली वाकले, तोंडावर उपरणं दाबून खोकले. आवाज बाहेर येऊ नये म्हणून दाबून. त्यांचे खांदे हलत होते. कोटाची कॉलर मानेभोवती इतकी ढिली झाली होती की तो कोट दुसऱ्या कुणाचा वाटत होता. उपरणं तोंडावरून काढून त्यांनी त्यात काहीतरी पाहिलं, घडी आत घातली आणि खिशात ठेवलं. मग त्यांनी चेहरा नीट केला. मी ते पाहिलं, माणूस फोटोसाठी करतो तसा नीट केला, आणि उरलेल्या पायऱ्या चढून वर आले.

वर येताच हात माझ्या कपाळाला. हात गरम होता. माझं कपाळ नव्हे, हात.

“ताप न्हाई,” ते म्हणाले. “पर येईल. सामान भर. साडेचारची गाडी हाय.”

ते कॉटवर बसले. बोलताना दोन शब्दांच्या मधे त्यांना श्वास घ्यावा लागत होता, आणि तो श्वास ते बोलण्याच्या नादात घेतल्यासारखा घेत होते. माझ्यासाठी आणलेली बामची डबी त्यांनी कॉटवर ठेवली, आईनं दिलेला मफलर ठेवला. एकेक वस्तू काढताना थांबत होते. पुलाच्या पायऱ्यांवर कोण दमत होतं ते मला तेव्हा कळलं. पुष्कळ दिवसांपासून कळत होतं, पण आमच्या घरात आजारी माणसाची जागा एकच होती आणि त्या जागेवर मी बसले होते. मी तिथून उठल्याशिवाय दुसऱ्या कुणाला खोकला येणार नव्हता, ताप येणार नव्हता, दवाखाना मिळणार नव्हता. मी त्यांच्याबरोबर साडेचारची गाडी धरली असती तर ते मला चुलीच्या भिंतीशी झोपवणार होते आणि स्वतः खिडकीखाली झोपणार होते.

चुलीवर भात उतू चालला होता. मी तो उतरवला. पदराला हात पुसले. शेखबाई जिन्याच्या खालच्या पायरीवर उभ्या होत्या, त्यांच्या बांगड्या वाजल्या, म्हणजे त्या ऐकत होत्या. शाळेत मी चांगलं मराठी लिहायला शिकले, चांगलं इंग्रजी बोलायला शिकले, पण त्या वेळी तोंडात दोन्हींतलं एकही आलं नाही. आप्पांच्या समोर खाली फरशीवर बसले, त्यांचा गरम हात माझ्या हातात घेतला, आणि बोर्डवर बोलते तितक्या स्पष्ट म्हणाले,

“आप्पा, मला काय बी झालेलं न्हाई. कवाच झालेलं नव्हतं. तुमाला झालंय. दम घ्या जरा, मग आपण तुमाला दाखवाया जाऊ.”